तीन हौदांचे गणित

अंकगणितातील हौदाचे उदाहरण ज्याने सोडविले नाही असा विद्यार्थी विरळाच. एक नळ हौद चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत रिकामा करतो. दोन्ही एकाच वेळी सोडले तर हौद केव्हा भरेल? ह्या उदाहरणाची वर्गात जितकी थट्टा होते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाची होत असेल. खालची तोटी उघडी टाकून वरून पाणी सोडणारा हा गृहस्थ कोण, असे आम्हीही एकदा गुरुजींना विचारले होते आणि उत्तरादाखल तासभर बाकावर उभे राहिलो होतो. गुरुजींना ते उत्तर ठाऊक असते तर त्यांनी आम्हांस खाली बसवून ते सांगितले असते. तो गृहस्थ म्हणजे मनुष्याचे शरीर होय. आपण श्वास घेतो, अन्न खातो, पाणी पितो. आणि त्याच वेळी मूत्र, घाम, केस व नखे यांच्या वाटे शरीरातून काही ना काही बाहेर पडत असते. वरचा नळ व खालची तोटी जन्मभर एकदमच चालू असतात.

शिसे ह्या धातूच्या बाबतीत हे गणित फार महत्त्वाचे आहे. लोह शरीराला हवे असते, जस्त हवे असते. शिशाचे मात्र शरीरात काहीही काम नाही. ते आत आले की मेंदूच्या वाढीला, रक्ताच्या घडणीला व मूत्रपिंडांना अपाय करते, आणि लहान मुलांना सर्वांत अधिक करते. ह्याहून कमी असल्यास निर्धोक, अशी रक्तातील शिशाची कोणतीही मर्यादा आज शास्त्रज्ञांना ठाऊक नाही. तेव्हा हवेतून किती शिसे आत गेले तर शरीरात किती उरेल, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. त्याचे उत्तर काढण्यासाठी जी मांडणी करतात तिला गणिती प्रतिमान असे भारदस्त नाव आहे; वस्तुतः ते हौदाचेच उदाहरण होय. आमचे म्हणणे एवढेच की, ह्या उदाहरणाच्या बेरजा-वजाबाक्या फारशा कोणाच्या चुकल्या नाहीत. चूक झाली ती हौद आणि नळ मोजण्यात, आणि तिची किंमत दोन-तीन पिढ्यांच्या मुलांनी दिली.

प्रथम वरचा नळ पाहू. श्वासाबरोबर येणारा शिशाचा कण कोठवर पोहोचेल हे त्याच्या आकारावर ठरते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून मोठे कण बहुतेक नाकातच अडकतात. त्याहून लहान कण श्वासनलिकेच्या चिकट अस्तरावर बसतात. तेथील सूक्ष्म केसांची अखंड हालचाल त्यांना वर घशाकडे लोटते आणि आपण ते नकळत गिळतो. म्हणजे श्वासाने आलेले शिसेही पोटात जाऊ शकते! पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढ माणसाचे शरीर सुमारे दहावा हिस्सा शोषून घेते; लहान मूल मात्र जवळजवळ निम्मे शोषते. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असे जे कण, ते फुप्फुसांच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत जातात. त्यांपैकी तीस ते पन्नास टक्के तेथे राहतात, आणि जे राहतात ते जवळजवळ सगळेच्या सगळे रक्तात उतरतात. मोटारीच्या धुरातून बाहेर पडणारे शिशाचे कण बहुतांशी ह्याच शेवटच्या जातीचे होते.

मोटारीच्या धुरात शिसे आले कोठून? १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिज्ली ह्या अभियंत्याला असे आढळले की, पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड नावाचे शिशाचे द्रव्य मिसळले तर एंजिनातील ठोके बंद होतात. १९२३ साली ते विक्रीस आले. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील एका कारखान्यात ते तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. १९२५ साली सरकारने परिषद भरविली. ॲलिस हॅमिल्टन ह्या विदुषी डॉक्टरांनी तीत कडाडून विरोध केला. पुढे चौकशी-समितीला बंदी घालण्याजोगे कारण सापडले नाही, आणि पुढील संशोधनाचा भार ज्यांना ते द्रव्य विकावयाचे होते त्यांच्याच पैशांवर सोपविला गेला.

ते संशोधन सिनसिनाटी येथील डॉ. रॉबर्ट किहो यांनी अनेक दशके केले. ते काही भोंदू नव्हते. स्वयंसेवकांना बंद खोलीत बसवून मोजके शिसे असलेली हवा हुंगावयास देणे, त्यांच्या अन्नाचा, मलमूत्राचा कण न् कण तोलणे, असे चिकाटीचे काम त्यांनी केले. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा : शिसे मनुष्याच्या शरीरात निसर्गतःच असते, जितके आत जाते साधारण तितके बाहेर पडते, आणि रक्ताच्या दर डेसिलिटरला ८० मायक्रोग्रॅम ही पातळी ओलांडल्याखेरीज धोका नाही. (एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.) निसर्गतःच असते हे सिद्ध करण्यास ते मेक्सिकोतील खेडुतांपर्यंत गेले. तेथे ना कारखाने, ना मोटारी. तरी त्या लोकांत शिसे सापडलेच. मात्र ते लोक ज्या मातीच्या भांड्यांत रांधीत आणि जेवीत त्यांना शिशाचा लुकण होता. जे सर्वत्र आढळते ते स्वाभाविक, आणि जे स्वाभाविक ते निरुपद्रवी, अशी ही दुहेरी उडी होती.

ती उडी दाखवून देणारा मनुष्य वैद्य नव्हता, ही गोष्ट आम्हांस मोठी गमतीची वाटते. क्लेअर पॅटरसन हे कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे खडकांतील शिसे मोजून पृथ्वीचे वय काढीत होते. १९५६ साली त्यांनी ते सुमारे ४५५ कोटी वर्षे असे प्रसिद्ध केले. परंतु त्या कामात त्यांच्या नमुन्यांत भलतेच शिसे शिरे : काचेच्या भांड्यांतून, नळाच्या पाण्यातून, हवेतील धुळीतून, स्वतःच्या केसांतून. ते टाळण्याकरिता त्यांना प्रयोगशाळा इतकी निर्मळ करावी लागली की, तेव्हा तिला जोड नव्हती. मग साहजिकच प्रश्न पडला, की बाहेरच्या जगात इतके शिसे आहे तरी कशामुळे? १९६५ साली त्यांनी लिहिले की, अमेरिकन नागरिकाच्या शरीरातील शिसे 'नेहमीचे' असेल, पण ते 'नैसर्गिक' मुळीच नाही. ते नैसर्गिक पातळीच्या सुमारे शंभरपट आहे. पुढे १९६९ साली ग्रीनलंडच्या जुन्या बर्फातील थरांनी आणि १९७९ साली प्राचीन पेरूतील माणसांच्या अस्थींनी त्यांच्याच बाजूने साक्ष दिली. किहोंनी मोजमाप नीट केले असेल. पण हौद कोरडा असताना पातळी कोठे होती हे पाहण्यास जो कोरडा हौद लागतो, तोच त्यांना कधी मिळाला नाही.

आता गणिताकडे वळू. १९७३ साली रॅबिनोविट्झ, वेदरिल आणि कॉपल यांनी लॉस एंजेलिस येथे केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. (ह्यांतील वेदरिल हेही मूळचे खडकांचे वय काढणारेच!) निरोगी पुरुषांना रुग्णालयात ठेवून त्यांच्या अन्नात दररोज शिशाच्या २०४ ह्या समस्थानिकाची मोजकी मात्रा घातली. निसर्गातील शिशात हा प्रकार शेकडा दीड-एकच असतो; त्यामुळे रंगीत पाणी सोडल्यावर ते कोणत्या पाटातून वाहते हे दिसावे, तसा अन्नातील शिशाचा मार्ग दिसू लागला. जे शिसे अन्नातले नव्हते ते श्वासातले. शोषलेल्या शिशापैकी सुमारे दोन-तृतीयांश अन्नातून आणि एक-तृतीयांश फुप्फुसांतून येत होते, असे ठरले. ज्या शहरात मोटारींची गर्दी होती तेथील ही स्थिती.

शरीर एकच हौद नसून तीन हौद आहेत, हेही ह्याच प्रयोगाने आकड्यांत मांडले. पहिला हौद रक्ताचा, दुसरा मऊ अवयवांचा, तिसरा हाडांचा. प्रयोगातील एका पुरुषाचे जे आकडे पुढे गणिताच्या पुस्तकांत गेले ते असे : रक्तात दररोज ४९.३ मायक्रोग्रॅम शिसे येते. रक्तात जे असेल त्याचा शेकडा २.११ भाग दररोज मूत्रावाटे जातो, १.११ भाग मऊ अवयवांत जातो आणि ०.३९ भाग हाडांत जातो. मऊ अवयवांतून शेकडा १.२४ भाग रक्तात परततो व १.६२ भाग केस, नखे, घाम यांतून बाहेर पडतो. हाडांतून मात्र दररोज शेकडा ०.००३५ एवढाच भाग परततो. त्या हौदाला दुसरी तोटीच नाही.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी हे कागदावर मांडून पाहावे. प्रत्येक हौदात येणारे आणि जाणारे समान धरले की तीन साधी समीकरणे होतात. उत्तर असे येते : रक्तात १८०० मायक्रोग्रॅम, मऊ अवयवांत सुमारे ७०० आणि हाडांत सुमारे २,००,०००! रक्ताच्या एकशे अकरापट शिसे हाडांत. वैद्य बोटातून किंवा शिरेतून रक्त घेऊन जे मोजतात तो ह्या तिघांतील एक लहानसा हौद होय.

आणि हे सावकाश घडते, म्हणूनच डोळ्यांआड होते. आरंभी हाडे अगदी कोरी आहेत असे धरले तर त्यांत दररोज सुमारे ६ मायक्रोग्रॅम शिसे जाते. आलेल्या ४९ पैकी ६. म्हणजे आठवा हिस्सा. महिनाभराच्या मोजणीत 'साधारण आले तितके गेले' असेच म्हणावेसे वाटेल. परंतु तोच आठवा हिस्सा, परतीचा ओघ वजा जाता, पन्नास वर्षांत ८५ मिलिग्रॅमच्या घरात जातो. हाडांत शिसे साठते हे किहोंना ठाऊक नव्हते असे नाही. त्या साठ्याचे पुढे काय होणार हा प्रश्न त्यांनी धरलेल्या हिशेबात बसत नव्हता, एवढेच.

पुढे काय होते? समजा, तीनही हौद भरल्यावर एके दिवशी वरचा नळ पूर्ण बंद केला. रक्तातील शिसे काही महिन्यांत झपाट्याने उतरते. परंतु १८०० वरून शून्यावर जात नाही. ते २२० च्या आसपास, म्हणजे मूळच्या आठव्या हिश्शापाशी, अडून राहते. कारण आता हाडेच नळ झालेली असतात. वरील आकड्यांप्रमाणे तो उरलेला ओघ निम्मा होण्यास साठ वर्षे लागतील. हा आकडा फार मोठा निघाला. हाडांचे आतील जाळीदार आणि बाहेरील टणक असे भाग वेगळे धरून लेगेट यांनी १९९३ साली जे प्रतिमान केले ते अधिक विश्वासार्ह समजले जाते, आणि टणक हाडातील शिसे निम्मे होण्याचा काळ आता सामान्यतः दहा ते तीस वर्षे मानतात. तो आकडा घेतला तरी अर्धे आयुष्य त्यात जाते.

येथे एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात तुरुंगातील कैद्यांना दर घनमीटरला १०.९ मायक्रोग्रॅम शिसे असलेल्या हवेत दिवसाचे तेवीस तास ठेवले होते. दुसऱ्या एका गटाला ३.२ मायक्रोग्रॅमच्या. त्यांचे रक्त सुमारे तीन महिने चढत गेले आणि मग स्थिरावले. ते स्वयंसेवक होते असे कागदोपत्री नमूद आहे. तुरुंगातल्या माणसाची स्वेच्छा ती केवढी असणार! श्वासाने येणाऱ्या शिशाविषयीची आपली बरीच निश्चित माहिती अशा माणसांच्या रक्तातून आली आहे, आणि त्यांच्या हाडांतील हौद त्या तीन महिन्यांत किती भरला हे त्या आलेखात कोठेही दिसत नाही.

प्रतिमान खरे की खोटे हे शेवटी जगाच्या कसोटीवर ठरते. अशी एक सुरेख कसोटी इटलीतील तुरीन शहरात लागली. १९७५ च्या सुमारास तेथील पेट्रोलमध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल खाणीचे शिसे वापरण्यात आले. त्याच्या समस्थानिकांचे प्रमाण स्थानिक शिशाहून वेगळे असते. काही वर्षांत तेच प्रमाण नागरिकांच्या रक्तात उमटले. शहरवासीयांच्या रक्तातील निदान चतुर्थांश शिसे पेट्रोलमधून आले, हे त्यावरून कळले. दुसरी कसोटी अमेरिकेत लागली. १९७६ ते १९८० ह्या काळात तेथे पेट्रोलमधील शिसे कमी होत गेले, आणि त्याच काळात देशभर केलेल्या तपासणीत लोकांच्या रक्तातील शिसे सरासरीने शेकडा ३७ घटले. एवढी घट प्रतिमानांनी वर्तविली नव्हती! असे का झाले? ती प्रतिमाने मुख्यतः फुप्फुसांच्या वाटेकडे पाहत होती. धुरातील शिसे हवेतून खाली बसते : रस्त्यावर, अंगणात, भाजीच्या पानांवर, खिडकीच्या चौकटीवर. तेथून ते मुलांच्या बोटांवर आणि बोटांवरून तोंडात जाते. हवेत सुरू होऊन पोटात संपणारा हा नळ आकृतीत पुरता काढलेलाच नव्हता.

ह्या बाबतीत काही विद्वान मित्रांचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. अपुऱ्या प्रतिमानावर विसंबून कायदे करू नयेत, आधी शास्त्र पूर्ण होऊ द्यावे, असे ते म्हणतात. १९२५ साली हेच म्हटले गेले होते. प्रतिमान अपुरे असते तेव्हा ते दोन्ही बाजूंना चुकू शकते हे खरे. पण शिशाच्या इतिहासात ते पुनःपुन्हा एकाच बाजूला, म्हणजे धोका कमी लेखण्याकडे चुकले. अमेरिकेतील शासकीय संस्थेने मुलांच्या रक्तासाठी दखलपात्र मानलेली पातळी पाहा : १९७१ साली ४०, १९७५ साली ३०, १९८५ साली २५, १९९१ साली १०, २०१२ साली ५ आणि २०२१ साली ३.५ मायक्रोग्रॅम. एकदाही ती वर गेली नाही.

आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून मोटारींच्या पेट्रोलमध्ये शिसे घालणे बंद झाले. जगातील शेवटचा देश अल्जीरिया; तेथे ते २०२१ च्या जुलैत थांबले. आज शाळेत असलेल्या मुलांनी त्या धुरात श्वास घेतलेला नाही. परंतु त्यांच्या आई-वडिलांचे बालपण आणि आजी-आजोबांचे तारुण्य त्यातच गेले, आणि तिसरा हौद विसरत नाही. ऑस्ट्रेलियात ब्रायन गुल्सन यांनी परदेशांतून नव्याने आलेल्या स्त्रियांचे रक्त गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तपासले. ऑस्ट्रेलियातील शिशाहून वेगळ्या जातीचे, म्हणजे मायदेशी असताना हाडांत बसलेले शिसे त्या काळात रक्तात उतरताना त्यांना दिसले. बाळासाठी हाडांतून कॅल्शियम निघते तेव्हा शिसेही त्याच्या सोबतीने निघते. वाचक भगिनींनी ह्याने घाबरून जाऊ नये. हे प्रमाण बहुधा थोडे असते, आणि त्या दिवसांत पुरेसे कॅल्शियम आहारात असेल तर ते आणखी आटोक्यात राहते. दूध, नाचणी, तीळ यांविषयी घरातील वडीलधाऱ्या बायका जो आग्रह धरतात त्याला हेही एक कारण जोडून घ्यावे.

पेट्रोल गेले, पण शिसे गेले नाही. आज जगातील बहुतेक शिसे बॅटऱ्यांत जाते, आणि जुन्या बॅटऱ्या फोडून ते वितळवून पुन्हा काढले जाते. नीट बांधलेल्या कारखान्यात हे काम सुरक्षितपणे होऊ शकते. घरामागच्या उघड्या भट्टीत होऊ शकत नाही. सेनेगाल देशात डकारजवळील एका वस्तीत २००७ च्या नोव्हेंबरपासून २००८ च्या मार्चपर्यंत अठरा लहान मुले अशाच धुळीने दगावली. आपल्याकडे २००९ च्या मानकानुसार हवेतील शिशाची वार्षिक सरासरी दर घनमीटरला ०.५ मायक्रोग्रॅमहून अधिक असू नये. प्रौढ मनुष्य दिवसाला वीस घनमीटर हवा घेतो असे धरले तर श्वासात १० आणि रक्तात सुमारे ४ मायक्रोग्रॅम येतील. हिशेबाने हे फारसे वाटत नाही. पण हा हिशेब पुन्हा एकाच नळाचा झाला! भट्टीमागच्या अंगणात रांगणारे मूल ह्या मानकात कोठे आहे?

२०२० साली युनिसेफने एका संस्थेसह काढलेल्या अहवालात म्हटले होते की, भारतातील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिसे दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमहून अधिक असावे. आकडा थरकाप उडविणारा आहे. पण तोही थोड्या मोजणीवरून प्रतिमानाने काढलेला अंदाज आहे. अंदाजावरून आपण बरेच वाद घातले. आता मोजावे, असे आमचे मत आहे. शाळांत वर्षातून एकदा आरोग्यतपासणी होते. वजन, उंची, दात, डोळे यांची नोंद होते. ज्या शाळांच्या परिसरात बॅटऱ्या फोडल्या किंवा वितळविल्या जातात तेथे त्याच दिवशी मुलांच्या रक्तातील शिसेही तपासले जावे, आणि निदान खालच्या वर्गांपासून आरंभ व्हावा. बोटाच्या टोकातून घेतलेल्या दोन-तीन थेंबांत ही तपासणी होऊ शकते. मात्र सुई टोचण्यापूर्वी मुलाचा हात साबणाने स्वच्छ धुऊन घ्यावा लागतो. नाहीतर बोटावरच्या धुळीतले शिसे त्या थेंबात उतरते आणि रक्तात आहे त्याहून अधिक दिसते.